लोकअदालतीत साडेसात लाखांचा प्रस्ताव आलाय: घ्यावा की ट्रिब्युनलमध्ये लढावं? (पादचारी अपघात, पुणे)

सिंहगडरोडवाला

माझ्या दाजींचं प्रकरण आहे. वय ४२, स्वतंत्र इलेक्ट्रिशियन, घरांची आणि दुकानांची वायरिंगची कामं घेतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीत संध्याकाळी सातच्या सुमारास सातारा रस्ता चालत ओलांडताना कारने धडक दिली. उजव्या गुडघ्याच्या लगेच खाली टिबियाचं (नडगीच्या हाडाचं) फ्रॅक्चर, प्लेट आणि स्क्रू बसवले. मुद्दे असे:

– हॉस्पिटल आणि औषधं मिळून ३,४०,००० रुपये. त्यातले २,००,००० मेडिक्लेममधून मिळाले.
– पाच महिने काम पूर्ण बंद. आता करतात, पण शिडीवर चढायचं काम मदतनीसाकडून करून घ्यावं लागतं.
– कारचालकावर गुन्हा आणि दोषारोपपत्र दाखल आहे. गाडीचा विमा चालू, चालकाचं लायसन्स ठीक.
– घटनास्थळ पंचनाम्यात 'झेब्रा क्रॉसिंगपासून अंदाजे ४० फूट' असं आहे. विमा कंपनीच्या लेखी कैफियतीत 'अर्जदार अचानक गाडीसमोर आला'.
– आयकर विवरणपत्र कधी भरलं नाही. बँक आणि यूपीआयला महिन्याला साधारण २२,००० जमा दिसतात.
– ऑपरेशन केलेल्या सर्जनचा दाखला: उजव्या पायाचं २८ टक्के कायम अपंगत्व.
– मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा ट्रिब्युनलमध्ये २५ लाखांची याचिका सहा महिन्यांच्या आत दाखल केली. तिला आता १४ महिने झाले, वादाचे मुद्दे ठरलेत, पुरावा सुरू व्हायचाय.

पुढच्या महिन्यात लोकअदालत आहे. कंपनीने सगळं मिळून साडेसात लाख देऊ केलेत. ताई म्हणते घेऊन मोकळे व्हा, वकील म्हणतात लढू. ठरवायचं कशावर?

निशाणी_क्रमांक_एक

पहिलं म्हणजे २५ लाख डोक्यातून काढा. याचिकेतला आकडा दोन्ही बाजूंनी बिनमहत्त्वाचा असतो. ट्रिब्युनल त्याहून कमी देतं, आणि पुरावा असेल तर मागितल्यापेक्षा जास्तही देऊ शकतं. साडेसात लाखांची तुलना २५ लाखांशी केली तर प्रस्ताव अपमानास्पद वाटेल आणि निर्णय चुकेल. तुलना करायची ती आज तुमच्या फाइलमध्ये जे कागद आहेत त्यांतून किती सिद्ध होईल त्याच्याशी.

जखमेच्या दाव्यात मोठा आकडा येतो कमाईच्या क्षमतेतल्या नुकसानीचा. सूत्र ठरलेलं आहे: महिन्याचं उत्पन्न, त्यात भविष्यातली वाढ, गुणिले १२, गुणिले वयाचा गुणक, गुणिले कार्यात्मक अपंगत्वाची टक्केवारी (कमावण्याची क्षमता किती टक्के घटली ती). ४१ ते ४५ वयाला गुणक १४ (सुप्रीम कोर्टाचा सरला वर्मा निकाल, २००९). स्वतंत्र व्यवसाय आणि वय ४० ते ५० असेल तर भविष्यातली वाढ २५ टक्के (सुप्रीम कोर्टाचाच प्रणय सेठी निकाल, २०१७). ही वाढ फक्त मृत्यूच्या दाव्यात मिळते असं कंपनीचे वकील अजूनही ठोकून देतात. कायम अपंगत्वाच्या दाव्यातही ती धरायची, हे सुप्रीम कोर्टाने पप्पू देव यादव प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट केलंय. स्वतःच्या खर्चापोटी वजावट मृत्यूच्या दाव्यात असते, इथे नाही.

आता तीन हिशेब मांडू.

ट्रिब्युनलमध्ये कंपनी मांडेल तो हिशेब बहुधा असा: पुरावा नाही म्हणून उत्पन्न १२,०००, वाढ नाही, अपंगत्व १२ टक्के. १२,००० × १२ × १४ × १२ टक्के = २,४१,९२०. मेडिक्लेम वजा करून औषधोपचार १,४०,०००, चार महिन्यांची बुडालेली कमाई ४८,०००, आहार-प्रवास २०,०००, वेदनांपोटी ४०,०००. एकूण ४,८९,९२०.

मधला: उत्पन्न १८,०००, वाढ धरून २२,५००, अपंगत्व १८ टक्के. यातून ६,८०,४००. औषधोपचार पूर्ण ३,४०,०००, पाच महिन्यांचे ९०,०००, प्लेट काढण्याचा पुढचा खर्च ६०,०००, मदतनीस-आहार-प्रवास ४०,०००, वेदना ७५,०००, जगण्यातल्या सुखसोयी गमावल्याबद्दल ५०,०००. एकूण १३,३५,४००.

वरचा: उत्पन्न २२,००० पूर्ण मान्य, अपंगत्व २५ टक्के. एवढ्याचेच ११,५५,००० होतात. बाकीचे मुद्दे सढळ धरले तर एकूण १९ लाखांच्या आसपास.

मधल्या आकड्यातून पादचाऱ्याच्या निष्काळजीपणापोटी २० टक्के कापले तर १०,६८,३२० उरतात. यावर कलम १७१ खाली दाखल तारखेपासून सरळव्याज. ७.५ टक्के धरू. (भविष्यातल्या उपचारखर्चावर सहसा व्याज देत नाहीत, म्हणून तो बाजूला ठेवलाय.) १४ महिन्यांचं व्याज सुमारे ८९,०००. म्हणजे आजच्या तारखेला लढाईची किंमत साधारण साडेअकरा लाख.

म्हणून साडेसात कमी आहे, पण फेकून देण्याइतका कमी नाही. माझ्या मते साडेअकराची लेखी मागणी द्या आणि साडेनऊच्या खाली सही करू नका.

'उशीर होतो म्हणून तडजोड करा' हे कारण मला फारसं पटत नाही. उशिराचं व्याज मिळतं, तेही बँकेच्या ठेवीइतकं. पैशांची आजच निकड असेल, कर्जाचे हप्ते थकले असतील, तर गोष्ट वेगळी. तडजोडीचं खरं कारण पुराव्यातली भोकं हे असतं, आणि तुमच्याकडे तीन आहेत: उत्पन्न, ४० फूट, आणि दाखला.

भोरकर

आधी बिनदोष भरपाई घ्या की! त्यात चूक कोणाची ते बघतच नाहीत. गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. ते उचलायचे आणि मुख्य दावा चालू ठेवायचा.

निशाणी_क्रमांक_एक

भोरकर, हा जुन्या कलम १४० चा हिशेब झाला. तेव्हा अंतरिम रक्कम घेऊन मुख्य दावा चालू ठेवता यायचा. १ एप्रिल २०२२ पासून चित्र बदललंय. आता कलम १६४ आहे: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला २.५ लाख, दोष सिद्ध करायची गरज नाही. पण कलम १६६ च्या परंतुकात लिहिलंय की कलम १४९ च्या पद्धतीने (विमा कंपनीशी थेट तडजोड करून) १६४ खालची रक्कम स्वीकारली की ट्रिब्युनलमधली याचिका संपुष्टात येते. या प्रकरणात हॉस्पिटलचं बिलच ३.४ लाख आहे. २.५ लाख स्वीकारणं म्हणजे बिलही न निघता दावा बंद. हा रस्ता कोणासाठी? चूक सिद्ध करणं जवळपास अशक्य आहे, जखम गंभीर पण कायम अपंगत्व नगण्य आहे, अशांसाठी.

डॉ_अस्थी

दाखल्याबद्दल लिहितो, कारण वरच्या गणितात १२, १८ आणि २५ टक्के यांच्या हिशेबांतला फरक नऊ लाखांचा दिसतोय आणि त्यातला बराचसा एका कागदावर अवलंबून आहे.

'उजव्या पायाचे २८ टक्के' हा अवयवाचा आकडा. कंपनी तो संपूर्ण शरीराला लावताना एक-तृतीयांश ते निम्म्यावर आणते. तिथून १२ टक्के येतात. पण राज कुमार विरुद्ध अजय कुमार (२०१०चा निकाल) यात सुप्रीम कोर्टाने सांगितलेली कसोटी वेगळी आहे: त्या माणसाला आता काय करता येतं आणि काय नाही, अपघाताआधी त्याचं काम काय होतं, आणि तेच किंवा दुसरं काम करून तो किती कमावू शकतो. बैठं काम करणाऱ्याचे २८ आणि शिडीवर चढणाऱ्याचे २८ सारखे नाहीत.

म्हणून दाखल्यात टक्क्यांशिवाय काय लिहिलंय ते बघा. बहुतेक दाखल्यांत 'ऑपरेटेड केस, गुडघ्याची हालचाल मर्यादित' एवढंच असतं. हवं ते असं: गुडघा किती अंशांपर्यंत वाकतो आणि दुसरा किती, पाय आखूड झाला असेल तर किती सेंटिमीटर, मांडीचा घेर किती कमी झालाय, उकिडवं बसता येतं का, शिडी चढता येते का, वजन घेऊन जिना चढता येतो का. शेवटच्या एक्स-रेची तारीख आणि हाड जुळल्याचा उल्लेख. हाड पुरतं जुळायच्या आत दिलेला दाखला उलटतपासणीत टिकत नाही. पहिला प्रश्नच येतो, 'पुढे सुधारणा होण्याची शक्यता होती ना?'

दुसरं जास्त महत्त्वाचं. टिबियाचं फ्रॅक्चर गुडघ्याच्या सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत गेलंय का, हे ऑपरेशन नोट्समध्ये बघा. गेलं असेल तर काही वर्षांनी त्या गुडघ्याला संधिवात होण्याचा धोका असतो आणि काहींना पुढे सांधा बदलावा लागतो. तडजोड झाल्यावर त्या खर्चाचा एक रुपयाही मागता येणार नाही. सर्जनकडून याबद्दल लेखी मत घ्या. प्लेट काढण्याचंही तसंच. कंपनी म्हणेल 'ही ऐच्छिक शस्त्रक्रिया'. बऱ्याच रुग्णांत प्लेट काढतही नाहीत, त्यामुळे ते अगदी चूक नाही. प्लेट टोचते, दुखते, सूज येते असं ओपीडी पेपरवर नोंदलेलं असेल आणि हॉस्पिटलच्या लेटरहेडवर खर्चाचा अंदाज असेल, तरच ते ६०,००० धरा.

दाखला खासगी सर्जनचा आहे. लढायचं ठरलं तर त्यांना साक्षीला आणावं लागेल. सर्जन कोर्टात यायला नाखूश असतात आणि तारखा वाया जातात. कमिशनरमार्फत (कोर्टाने नेमलेल्या व्यक्तीमार्फत) हॉस्पिटलमध्येच साक्ष नोंदवण्याचा अर्ज देता येतो. राज कुमारच्या निकालात ही सूचनाच आहे. नाहीतर ट्रिब्युनलकडून सरकारी वैद्यकीय मंडळाकडे पाठवण्याची मागणी करा. पण हे दुधारी आहे, मंडळ २८ चे १८ सुद्धा करू शकतं.

वसुली_दरखास्त

४० फुटांविषयी.

पंचनाम्यात अंतर आहे म्हणून घाबरू नका, नकाशा वाचा. अंतर कुठून कुठे मोजलं: झेब्रापासून रक्ताच्या डागापर्यंत, की गाडी थांबली तिथपर्यंत? धडकेनंतर माणूस आणि गाडी दोघेही पुढे जातात, आणि पोलीस बहुतेक वेळा गाडी उभी सापडते तिथून टेप लावतात. म्हणजे धडक झेब्राच्या बऱ्याच जवळ झालेली असू शकते.

मग आरटीओचा वाहन तपासणी अहवाल काढा. धडकेची खूण गाडीच्या कुठल्या बाजूला आहे? दाजी गाडीच्या डावीकडच्या फुटपाथवरून दुभाजकाकडे निघाले असतील आणि उजव्या हेडलॅम्पजवळ पोचा असेल, तर गाडीपुढची जवळपास सगळी रुंदी त्यांनी आधीच ओलांडली होती. 'अचानक समोर आला' हे तिथेच लंगडं पडतं. पोचा डाव्या कोपऱ्यात असेल तर मात्र कंपनीचं म्हणणं जड होतं आणि २० टक्क्यांऐवजी ३०-४० टक्के कपातीची तयारी ठेवा. ब्रेकच्या खुणा नसणं हेही तुमच्या बाजूचं असू शकतं, पण हल्लीच्या एबीएस (चाकं जाम होऊ न देणारे ब्रेक) असलेल्या गाड्यांमध्ये खुणा उमटतातच असं नाही, त्यामुळे त्यावर सगळा भार टाकू नका.

पुराव्याचा भार कंपनीवर आहे. पादचाऱ्याचा दोष सिद्ध करायला चालकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणावं लागतं. चालक बहुधा येत नाही, कारण फौजदारी खटल्यात ते बोलणं त्याच्या अंगाशी येऊ शकतं. तो आला नाही तर त्याची साक्ष त्याच्याच विरोधात गेली असती असं प्रतिकूल अनुमान काढावं, असा युक्तिवाद करता येतो. शिवाय इथे फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच बघतात.

आणि चालकाचे नातेवाईक फौजदारी प्रकरण मिटवायला येतील, हातात थोडी रक्कम ठेवतील आणि स्टॅम्पपेपरवर 'अपघात माझ्याच चुकीने झाला' असं काही लिहून मागतील. दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्यावर सही नाही. तो कागद सर्वात आधी विमा कंपनीच्या फाइलमध्ये पोचतो.

क्लेम्स_डेस्क

पलीकडच्या टेबलावर काय चालतं ते सांगतो.

लोकअदालतीच्या दिवशी समोर बसलेल्या अधिकाऱ्याला एका ठरावीक रकमेपर्यंतच अधिकार असतो. त्यावरची मंजुरी वरच्या कार्यालयातून आधी आणावी लागते. त्या दिवशी कितीही जोरात भांडलात तरी तो फार तर पन्नास हजार सरकेल. म्हणून मागणीचं पत्र तीन-चार आठवडे आधी, वकिलामार्फत, कंपनीच्या वकिलाला आणि क्लेम्स विभागाला दोघांनाही. पत्र एक पानाचं: हिशेबाचा तक्ता, वर उल्लेखलेल्या निकालांची नावं, सोबत सुधारित दाखला आणि १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट. वरच्या कार्यालयात प्रकरण कागदावर जातं. कागदात नसलेला मुद्दा तिथे अस्तित्वातच नसतो.

साडेसातचा हिशेब लेखी मागा. त्यात मेडिक्लेमचे २,००,००० वजा केलेले असतील तर तिथेच बोट ठेवा. मेडिक्लेमची रक्कम अपघात भरपाईतून कापता येत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा मार्च २०२५ चा निकाल आहे. हप्ते भरून स्वतः घेतलेल्या पॉलिसीचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला का मिळावा, असा त्याचा गाभा. ही एक दुरुस्ती झाली तरी साडेसातचे साडेनऊ होतात, बाकी कशावर घासाघीस न करता. मूळ बिलं मेडिक्लेमवाल्यांकडे गेली असतील तर त्यांच्याकडून प्रमाणित प्रती आणि सेटलमेंट लेटर घ्या. त्याशिवाय पूर्ण ३.४ लाखांचा मुद्दा तोंडीच राहतो.

उत्पन्नासाठी विवरणपत्र नसेल तर: इलेक्ट्रिशियनचं परवानापत्र किंवा आयटीआयचं प्रमाणपत्र, वायरिंगचं सामान घेतल्याची दुकानाची बिलं, दोन-तीन नेहमीच्या ग्राहकांची प्रतिज्ञापत्रं. यूपीआयच्या २२,००० मध्ये सामानाचे पैसेही असतात हे कंपनी पहिल्या मिनिटाला म्हणेल, त्यामुळे १८,००० धरलेत ते व्यवहार्य आहे. अपघातानंतर घाईने भरलेलं जुन्या वर्षांचं विवरणपत्र लावू नका, त्याने बाकी कागदांवरचाही विश्वास उडतो.

सिंहगडरोडवाला

सगळ्यांचे आभार. आरटीओचा अहवाल काढला, पोचा उजव्या बाजूच्या हेडलॅम्पजवळ आहे. फ्रॅक्चर सांध्यापर्यंत गेलंय असं ऑपरेशन नोटमध्ये आहे. दोन प्रश्न: लोकअदालतीत नाही म्हटलं तर जज नाराज होऊन पुढे त्रास होतो का? आणि हो म्हणायचं झालं तर कागदावर काय बघायचं?

वसुली_दरखास्त

नाही म्हटल्याने काही बिघडत नाही. तडजोड झाली नाही तर प्रकरण आहे त्या टप्प्यावर ट्रिब्युनलकडे परत जातं. पुढच्या लोकअदालतीत पुन्हा ठेवता येतं, पुरावा सुरू झाल्यावरही ठेवता येतं. पोचा उजवीकडे असेल तर तुम्ही २० टक्के कपातही सहज मान्य करू नका, १० वर आणा. मागणी त्या मानाने व्याजासह तेरा लाखांच्या आसपास होते. आणि सांध्याबद्दल सर्जनचं लेखी मत हातात येईपर्यंत कुठल्याच आकड्याला हो म्हणू नका, लोकअदालत हुकली तरी चालेल.

हो म्हणायचं असेल तर लक्षात ठेवा, लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ट्रिब्युनलच्या निकालावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं (वादातली रक्कम एक लाखाहून कमी नसेल तर). अर्थात ते दार कंपनीलाही उघडं असतं, आणि उच्च न्यायालयात वर्षं जातात. तडजोडीतून हेच टळतं. कोर्ट फीही परत मिळते.

तडजोड पुरसीसवर (कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनावर) सही करण्याआधी या गोष्टी शब्दांत आहेत का बघा. रक्कम व्याजासह की व्याज वेगळं. किती दिवसांत भरणार, ३० की ४५. मुदतीत भरली नाही तर त्या तारखेपासून किती टक्के व्याज. हे कलम नसेल तर कंपनी सहा महिने झोपली तरी तुमच्या हातात फक्त दरखास्त (वसुलीचा अर्ज). रक्कम थेट अर्जदाराच्या खात्यात जाणार का. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२५ मध्ये थेट खात्यात भरणा करण्याबद्दल निर्देश दिलेत, तेव्हा दाजींच्या एकट्याच्या नावाचं खातं, पासबुकचं पहिलं पान, रद्द केलेला चेक आणि पॅन आधीच दाखल करा. काही रक्कम मुदत ठेवीत अडकवली जाऊ शकते. प्लेट काढायचीय, कर्ज फेडायचंय असं कारण असेल तर पूर्ण रक्कम मोकळी करण्याची विनंती त्याच दिवशी अर्जात लिहा.

वकिलांच्या फीचंही त्याआधीच लेखी ठरवा. मिळालेल्या रकमेच्या टक्क्यांवर फी घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, तरी सर्रास चालतं. 'लढू' म्हणणारे वकील पुराव्याच्या टप्प्यापर्यंत किती आणि अपील झाल्यास किती घेणार, हा आकडा कळल्याशिवाय साडेनऊ आणि साडेअकरा यांतला खरा फरक तुम्हाला काढता येणार नाही.

क्लेम्स_डेस्क

एक राहिलं. पुरसीसची भाषा मराठी असो की इंग्रजी, 'भविष्यातील सर्व दाव्यांसह' हे शब्द त्यात असतातच, ते काढायला कंपनी तयार होणार नाही. त्यामुळे गुडघ्याच्या पुढच्या उपचाराचा आकडा रकमेतच बसवून घ्या. सर्जनचं पत्र आल्यावर मागणीपत्र नव्याने पाठवा आणि पोच घ्या.